रहस्यकादंबरी : निनावी छळ व खाजगीपणा

एखाद्या व्यक्तीचे खाजगी जीवन तिच्या संमतीवाचून उघडे करणे किंवा उघडे करण्याची भीती घालणे, आणि असे करणाऱ्याने स्वतःचे नाव मात्र झाकून ठेवणे, या घटनेभोवती रचलेल्या रहस्यप्रधान कथा-कादंबऱ्यांचा एक वेगळा प्रवाह पाश्चात्त्य साहित्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक व आंतरजाल यांचा प्रसार झाल्यावर या प्रवाहाला नवे विषय मिळाले आणि त्याचे केंद्रही काही अंशी पूर्व आशियाकडे सरकले. हाँगकाँगचे लेखक चान हो-केइ (१९७५– ) यांची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चिनी कादंबरी (इंग्रजी भाषांतर सेकंड सिस्टर, २०२०) ही आंतरजालावरील छळ व तेथील खाजगीपणा यांवरील उल्लेखनीय रहस्यकादंबरी होय. तिचा विषय वरवर पाहता अगदी नवा वाटतो. परंतु तिच्यातील बहुतेक घटक पत्राच्या व टपालाच्या काळातच तयार झालेले होते.

खुनाच्या रहस्यकथेत गुन्हा प्रायः घडून गेलेला असतो व उरते ती त्याची उकल. निनावी छळाच्या कथेत गुन्हा वाचकाच्या डोळ्यांसमोर चालू असतो. शिवाय त्यात छळणारा एकटा नसतो. पत्र वाचून ते दुसऱ्याला दाखविणारे शेजारी, मजकूर छापणारे वृत्तपत्र आणि तो चवीने वाचणारे वाचक हे सर्व कमीअधिक प्रमाणात त्याचे साथीदार ठरतात. ‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नाचे एकच एक उत्तर देणे या प्रकारात कठीण जाते आणि ज्या लेखकांनी ते सोपे करून टाकले, त्यांच्या कादंबऱ्या सामान्यतः फिक्या वाटतात.

या प्रवाहाच्या आरंभासाठी १८४४ हे वर्ष सोयीचे आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये आश्रयास असलेला इटालियन देशभक्त जूझेप्पे मॅझिनी याची पत्रे ब्रिटिश टपालखात्यात फोडून वाचली जात असल्याचे उघडकीस आले. मॅझिनीने पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण इ. घालून आधी स्वतःच्या संशयाची खात्री करून घेतली आणि मग टॉमस डंकम या सदस्यामार्फत प्रश्न पार्लमेंटपुढे नेला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या आदेशावरून हे काम चालत असल्याचे निष्पन्न झाले. त्यातून एवढा गदारोळ उठला, की टपालखात्यातील गुप्त कचेरी व सांकेतिक लिपी उलगडणारी शाखा या दोन्ही त्याच वर्षी बंद करण्यात आल्या. त्याच वर्षी जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्झ याच्या द मिस्टरीज ऑफ लंडन या साप्ताहिक हप्त्यांनी निघणाऱ्या कादंबरीस प्रारंभ झाला. तीत टपालखात्यातील ‘काळ्या खोली’चे व तेथे पत्रे उघडून पुन्हा बेमालूम बंद करणाऱ्या कारकुनांचे सविस्तर चित्रण आहे. इंग्रजी समीक्षकांनी रेनल्ड्झला फारशी प्रतिष्ठा दिली नाही. भारतीय वाचकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले. मराठीत गोविंद नारायण दातार यांनी रेनल्ड्झच्या कादंबऱ्यांची रूपांतरे केली व ती अतिशय वाचकप्रिय झाली. मराठी रहस्यकादंबरीच्या पायाभरणीत या रूपांतरांचा वाटा मोठा आहे.

एडगर ॲलन पो याची ‘द परलॉइन्ड लेटर’ ही कथाही १८४४ मधीलच. एका राजघराण्यातील स्त्रीचे पत्र तिच्या डोळ्यांदेखत एक मंत्री उचलतो. पत्रातील मजकूर काय, हे पो अखेरपर्यंत सांगत नाही व ते सांगण्याची गरजही पडत नाही. पत्राचे सामर्थ्य ते वापरण्यात नसून न वापरता जवळ बाळगण्यात आहे. ते एकदा प्रसिद्ध झाले, की मंत्र्याची सत्ता संपते, हे पोने अचूक हेरले. विल्की कॉलिन्झ याच्या द वूमन इन व्हाइट (१८५९-६०) या कादंबरीत याहून अंगावर येणारा एक प्रसंग आहे. मेरिअन ही धाडसी स्त्री कटाची माहिती आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवते. ती आजारी पडून शुद्ध हरपताच दैनंदिनीचे पुढील पान वेगळ्याच हस्ताक्षरात सुरू होते. खलनायक काउंट फॉस्को याने सर्व पाने वाचून तीत स्वतःचा अभिप्राय, तोही प्रशंसेचा, लिहून ठेवलेला असतो. मेरिअनची दैनंदिनी इतका वेळ आपणही वाचत होतो, हे वाचकाच्या तेव्हा लक्षात येते. वाचकाला साथीदार करण्याचे हे तंत्र पुढील दीडशे वर्षांत अनेकांनी वापरले. कॉलिन्झइतके सहजपणे ते फार थोड्यांना साधले. आर्थर कॉनन डॉइल याच्या ‘चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन’ (१९०४) या कथेत लोकांची खाजगी पत्रे विकत घेऊन त्यांवर खंडणी उकळणारा एक व्यावसायिक भेटतो. कायदा त्याचे काही बिघडवू शकत नाही. म्हणून शेरलॉक होम्स स्वतःच घरफोडी करतो, खंडणीखोराचा एका पीडित स्त्रीच्या हातून झालेला खून लपून पाहतो आणि पत्रांचा गठ्ठा अग्नीत टाकतो. खाजगीपणाच्या रक्षणासाठी खाजगीपणाचा व कायद्याचा भंग करणारा हा अन्वेषक आजच्या संगणकतज्ञ नायकाचा पूर्वज म्हटला पाहिजे.

निनावी पत्राचा उपद्रव वाढण्यास टपालव्यवस्थेतील एक सुधारणा कारणीभूत झाली. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये टपालहशील बहुधा पत्र घेणारा भरत असे आणि अनोळखी पत्र नाकारण्याची मुभा त्याला होती. रोलंड हिल याच्या योजनेनुसार १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास एक पेनी हा सरसकट दर ठरला व तो आगाऊ भरण्याची पद्धत रूढ झाली. भारतात १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अंतराचा विचार न करता अर्धा आणा पडू लागला. ज्ञानप्रसार, व्यापार व कौटुंबिक जिव्हाळा यांना या स्वस्ताईचा जो लाभ झाला, तो सर्वविदित आहे. परंतु पाठविणाऱ्याने स्वतःची ओळख न देता कोणाच्याही घरात आपले शब्द पोहोचविण्याची सोयही तिच्यामुळेच झाली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने या धोक्याची वेगळी दखल घेतली होती. तिच्या ५०७ व्या कलमान्वये निनावी संदेशाने किंवा धमकी देणाऱ्याचे नाव वा ठिकाण लपविण्याची खबरदारी घेऊन केलेल्या फौजदारी धाकदपटशाला, मूळ शिक्षेखेरीज दोन वर्षांपर्यंतची जादा कैद सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही (कलम ३५१) ही तरतूद कायम आहे. टपालपेटीसाठी केलेला नियम अशा रीतीने भ्रमणध्वनीच्या काळापर्यंत पोहोचला.

निनावी पत्रांचे यूरोपातील सर्वांत गाजलेले प्रकरण फ्रान्समधील त्यूल या लहानशा गावी घडले. १९१७ ते १९२२ या काळात तेथील सरकारी कचेरीतील कर्मचारी, त्यांची कुटुंबे व इतर गावकरी यांना शंभराहून अधिक निनावी पत्रे आली. ती मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलेली असून त्यांत व्यभिचार, लाचलुचपत, अनौरस संतती इ. आरोप केलेले होते. पत्रे केवळ टपालाने येत असे नव्हे. ती रस्त्यात, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, चर्चमध्येही सापडत. पत्रलेखकाला कचेरीतील बारीकसारीक गोष्टी ठाऊक होत्या, त्यामुळे प्रत्येकाचा संशय शेजारच्या मेजावर गेला. एका कारकुनाचा या प्रकरणाच्या धक्क्याने मानसिक तोल जाऊन मृत्यू झाला. अखेर लियाँ येथील गुन्हेअन्वेषणशास्त्रज्ञ एदमाँ लोकार यास पाचारण करण्यात आले. त्याने संशयितांना बसवून तास न् तास मजकूर सांगितला व लिहून घेतला. माणूस काही ओळी वेगळ्या वळणाने लिहू शकतो, पण थकवा आल्यावर हाताची मूळ सवय वर येते, हे त्याचे गृहीतक होते व ते खरे ठरले. अक्षर जुळले ते त्याच कचेरीत पूर्वी नोकरीस असलेल्या एका स्त्रीचे. तिच्या वरिष्ठाने दुसरीशी विवाह केला, त्यातून आलेले वैफल्य हे या लेखनाचे मूळ असल्याचे दिसून आले. खटल्यापूर्वी ती व तिची आई या दोघींनी पाण्यात जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्यात आईचा अंत झाला. डिसेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने तिला एक महिन्याची स्थगित कैद व दंड एवढीच शिक्षा दिली. पाच वर्षे एक गाव वेठीस धरले गेले होते व किमान दोन जीव गेले होते, हे पाहता ही शिक्षा सौम्य वाटते. परंतु शब्दांनी झालेल्या इजेचे मोजमाप करण्याचे साधन तत्कालीन कायद्यापाशी नव्हते. आजही ते पुरतेपणी आहे असे म्हणता येत नाही.

त्यूलच्या प्रकरणावर आधारलेली पटकथा लूई शाव्हांस याने लिहिली व तीवरून आंरी-जॉर्ज क्लूझो याने ल कॉर्बो (म. शी. कावळा) हा चित्रपट १९४३ मध्ये काढला. फ्रान्स त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता व निर्माती संस्थाही जर्मन मालकीची होती. शेजाऱ्यांविरुद्ध अधिकाऱ्यांकडे निनावी चहाड्या करण्याची साथ देशभर पसरलेली असताना निघालेल्या या चित्रपटावर प्रत्येक पक्ष रुष्ट झाला. मुक्तीनंतर त्यावर बंदी आली व क्लूझोला काही काळ चित्रपटनिर्मितीस मनाई करण्यात आली. पुढे बंदी उठली आणि निनावी पत्रलेखक या अर्थी ‘कावळा’ हा शब्द फ्रेंच भाषेत कायमचा रूढ झाला. इंग्रजीतील या विषयावरील दोन कादंबऱ्या याच सुमाराच्या आहेत. डॉरोथी सेयर्झ हिच्या गॉडी नाइट (१९३५) मध्ये ऑक्सफर्डच्या एका काल्पनिक महिला महाविद्यालयात निनावी चिठ्ठ्यांचे व विध्वंसाचे सत्र चालू होते. कादंबरीत एकही खून नाही, तरीही विद्वान स्त्रियांचा परस्परांवरील विश्वास हळूहळू कसा पोखरला जातो, हे तीत विलक्षण बारकाईने दाखविले आहे. ॲगाथा क्रिस्ती हिच्या द मूव्हिंग फिंगर (१९४२) मध्ये पत्रांचा उपयोग वेगळा आहे. जुन्या पुस्तकातील अक्षरे कापून चिकटविलेली ती पत्रे म्हणजे एक पडदा असतो. पत्रामुळे कोणी आत्महत्या केली, हे गावाला सहज पटते व त्या खात्रीच्या आड खुनी सुरक्षित राहतो. कोड्याच्या दृष्टीने क्रिस्तीची रचना अधिक चतुर असली, तरी छळाचे स्वरूप सेयर्झला अधिक कळले होते.

खाजगीपणा हा स्वतंत्र हक्क म्हणून कायद्यात येण्यासही याच काळात आरंभ झाला. सॅम्युएल वॉरन व लूइस ब्रँडाइस या अमेरिकन विधिज्ञांनी १८९० मध्ये हार्व्हर्ड लॉ रिव्ह्यू या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, कोणाच्याही उपद्रवावाचून एकटे असू दिले जाण्याचा हक्क प्रतिपादन केला. तत्क्षणी छायाचित्र टिपणारे कॅमेरे आणि घरगुती भानगडींवर जगणारी वृत्तपत्रे यांचा त्यांनी स्पष्ट निर्देश केला होता. त्यांचा रोख सरकारवर नसून बाजारावर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्या रोखाची सर्वांत प्रभावी कादंबरी जर्मन भाषेत लिहिली गेली. हाइन्रिख ब्योल (१९१७–८५) हा १९७२ च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी. त्याच वर्षाच्या आरंभी त्याने उल्रिके माइनहोफ या जहाल कार्यकर्तीसंबंधी बिल्ट या मोठ्या खपाच्या दैनिकाने आधीच निवाडा करून टाकल्याबद्दल लेख लिहून टीका केली. त्यावरून त्याच्यावर दहशतवाद्यांचा पाठीराखा असल्याचा आरोप झाला व त्याच्या घराची झडतीही झाली. या अनुभवातून काटारीना ब्लूमची गमावलेली अब्रू या अर्थाच्या शीर्षकाची त्याची कादंबरी १९७४ मध्ये अवतरली. काटारीना ही घरकाम करून स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली नीटनेटकी तरुणी. एका मेजवानीत भेटलेल्या पुरुषाला ती घरी नेते. पोलिसांना तो हवा असतो. चौकशीतील कागद ‘वृत्तपत्रा’च्या हाती जातात व चार दिवसांत तिच्या आयुष्याच्या चिंध्या होतात. तिच्या ओळखीच्यांची विधाने मोडूनतोडून छापली जातात, बातमीदार रुग्णालयात शिरून तिच्या आजारी आईला गाठतो व आईचा मृत्यू ओढवतो. तिच्या दूरध्वनीवर अनोळखी पुरुषांचे ओंगळ आवाज येऊ लागतात, पत्रपेटीत शिव्यांची व बीभत्स पत्रे पडू लागतात. शेवटी ती बातमीदाराला गोळी घालते. हे आपण आरंभीच वाचतो. ब्योलला रहस्य ठेवायचे नाही. कादंबरीचे निवेदन एखाद्या चौकशी अहवालासारखे कोरडे आहे. तो अहवाललेखक आपले आधार व त्यांची विश्वसनीयता तपासत राहतो आणि वृत्तपत्राने जे केले नाही तेच तो करीत आहे, हे वाचकाला न सांगता कळते. फोल्कर श्लोन्डोर्फ व मार्गारेटे फॉन ट्रोटा यांनी तीवर १९७५ मध्ये चित्रपट काढला. छापलेल्या मजकुराने पेटलेला, पण प्रत्यक्षात शेकडो अनोळखी माणसांनी स्वयंस्फूर्तीने चालविलेला छळ हा या कादंबरीचा खरा शोध होय. आंतरजालावर पुढे जे घडले, त्याचे याहून नेमके पूर्वचित्र साहित्यात सापडत नाही. पश्चिम जर्मनीतील हेसेन राज्याने १९७० मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा जगातील पहिला कायदा केला आणि १९८३ मध्ये तेथील संघीय घटनान्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात, स्वतःसंबंधीच्या माहितीचे काय करावयाचे हे ठरविण्याचा हक्क व्यक्तीचाच असल्याचे मान्य केले, ही पार्श्वभूमीही येथे लक्षात घ्यावी लागते.

संगणकाच्या जाळ्यावरील पहिल्या महत्त्वाच्या कादंबऱ्या विज्ञानकथाकारांनी लिहिल्या. जॉन ब्रनर याच्या द शॉकवेव्ह रायडर (१९७५) चा नायक दूरध्वनीवरून संकेतांक दाबून स्वतःच्या नोंदी बदलतो व दरवेळी नवा माणूस होतो. जाळ्यातून आपोआप पसरणाऱ्या आज्ञावलीची कल्पना या कादंबरीत आहे. अशा आज्ञावलीला संगणकशास्त्रात मिळालेले ‘कृमी’ (वर्म) हे नाव तिच्यावरूनच आले. तीतील एक कल्पना मात्र तितकीशी स्मरणात राहिली नाही : कोणीही दूरध्वनी करून मन मोकळे करावे व पलीकडच्या माणसाने ते फक्त ऐकावे, अशी एक सेवा तीत आहे, ती कोणाला चोरून ऐकता येत नाही. व्हर्नर विंजी याच्या ट्रू नेम्स (१९८१) या दीर्घकथेत जाळ्यातील जादूगारांची खरी नावे हेच त्यांचे मर्मस्थान असते. ज्याला खरे नाव कळले, त्याच्या मुठीत तो माणूस सापडतो. जपानमध्ये मियाबे मियुकी हिने काशा (१९९२) या कादंबरीतून हा विषय भविष्यातून वर्तमानात आणला. एका बेपत्ता तरुणीचा शोध घेताना पोलीस अधिकारी होन्मा याला कळते, की ती मुळी त्या नावाची स्त्रीच नव्हे. कर्जबाजारी कुटुंबातून निसटण्यासाठी तिने दुसरीचे नाव व जीवन बळकावलेले असते आणि योग्य बळी निवडण्यासाठी टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांची माहिती वापरलेली असते. यात संगणकी चमत्कार जवळजवळ नाहीत. नाव, पत्ता, वय, कुटुंबात कोण आहे, एवढी साधी यादी जीवघेणी ठरते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये ‘मानवी देहशोध’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. एखाद्या अपराध्याची वा अपराधी वाटणाऱ्या व्यक्तीची ओळख हजारो अनोळखी लोकांनी मिळून शोधून काढावी व तिचे नाव-पत्ता जाहीर करावा, असे त्याचे स्वरूप होते. २००८ मध्ये पेकिंगच्या एका न्यायालयाने अशा प्रकारात खाजगीपणाचा भंग झाल्याचा निर्णय दिला. चेन काइगे याच्या २०१२ मधील एका चित्रपटात बसमध्ये वृद्धाला जागा न देणाऱ्या तरुणीचे चित्रण प्रसृत होते व त्यातून तिचा विनाश ओढवतो. आपल्याला असाध्य रोग झाल्याचे तिला नुकतेच कळलेले असते, हे पाहणाऱ्या कोणालाच ठाऊक नसते. हाँगकाँगमध्ये या कृतीला ‘तळ उकरणे’ अशा अर्थाचा बोलीशब्द आहे. तेथे व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा १९९५ मध्येच झाला होता. तरीही २०१० मध्ये, प्रवासभाडे व किरकोळ खरेदी यांसाठी जवळजवळ प्रत्येक नागरिक वापरीत असलेल्या ऑक्टोपस कार्डाच्या कंपनीने सु. २० लक्ष ग्राहकांची माहिती ४·४ कोटी हाँगकाँग डॉलरना इतर कंपन्यांना पुरविल्याचे उघड झाले व २०१२ मध्ये कायदा कडक करावा लागला.

चान हो-केइ यांच्या कादंबरीची भूमी ही अशी आहे. चान हे शिक्षणाने संगणकशास्त्रज्ञ. जपानी रहस्यकथाकार शिमादा सोजी यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना २०११ मध्ये मिळाले. पोलीस अधिकाऱ्याच्या आयुष्यातून हाँगकाँगचा अर्धशतकाचा इतिहास उलटा उलगडत नेणारी त्यांची २०१४ ची कादंबरीही प्रसिद्ध आहे. सेकंड सिस्टरमध्ये न्गा-यी ही सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करणारी तरुणी आईबापांच्या पश्चात धाकट्या बहिणीला वाढवीत असते. सिउ-मान ही शाळकरी बहीण भुयारी रेल्वेत विनयभंगाची बळी ठरते. आरोपी प्रथम नाकारतो, मग गुन्हा कबूल करतो व शिक्षा भोगतो. प्रकरण येथे संपायला हवे होते. परंतु आरोपीचा भाचा म्हणविणारा कोणी एक जण आंतरजालावरील चर्चापीठावर मजकूर लिहितो, की मुलगीच खोटी व चारित्र्यहीन आहे. त्या एका मजकुरावर हजारो लोक तुटून पडतात आणि मुलगी उंच इमारतीतील राहत्या घरातून उडी घेते. तो भाचा अस्तित्वातच नसतो. न्गा-यी आपली शिल्लक घेऊन ‘एन’ नावाच्या तिरसट संगणकतज्ञाकडे जाते.

पुढील अन्वेषण वाचताना लोकारच्या श्रुतलेखनाची आठवण होते. खोटी बिनतारी जोडणी उभारून लोकांचे भ्रमणध्वनी स्वतःला जोडून घ्यायला लावणे, विश्वास संपादून परवलीचे शब्द काढून घेणे, संदेशाची वेळ व यंत्राची खूण यांवरून लिहिणारा ओळखणे, ही तंत्रे चान यांनी सोप्या भाषेत पायरीपायरीने समजावून दिली आहेत. ती काही ठिकाणी पाठ्यपुस्तकासारखी लांबतात, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु एका समांतर कथानकात गप्पा व अफवा यांनाच विक्रीची वस्तू करणारा एक नवउद्योग व त्यात भांडवल ओतणारे लोक दाखवून त्यांनी छळामागील अर्थकारण पुढे आणले आहे. ब्योलच्या वृत्तपत्राची जागा आता कोणी घेतली, हे त्यातून समजते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की एन हा शोध लावून थांबत नाही, तो सूडही उपलब्ध करून देतो. बहिणीला मारणाऱ्या साधनांनीच दुसऱ्या अल्पवयीन जीवाला त्याच कड्यावर नेण्याची संधी न्गा-यीपुढे येते. होम्सने मिल्व्हर्टनची पत्रे जाळली तेव्हा वाचकाला दिलासा मिळाला होता. येथे तो मिळत नाही.

या साहित्यप्रकारातील मूळ विसंगती ही येथेच आहे. खाजगीपणाची बाजू घेणाऱ्या रहस्यकादंबरीला शेवटी कोणाचा तरी मुखवटा काढावाच लागतो, कारण त्यावाचून ती संपत नाही. वास्तव जीवनात मात्र मुखवटा काढण्याचा अधिकार ज्याच्या हाती जातो, तो नेहमी पीडितांच्याच बाजूचा असतो असे नाही. महाराष्ट्रातील एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६६ अ हे त्रासदायक व धमकीवजा संदेशांना आळा घालण्यासाठी असल्याचे सांगितले जात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना, एकीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिले व दुसरीने ते पसंत केले, एवढ्यावरून अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. दुर्बलांच्या रक्षणाचे म्हणविलेले कलम जमावाच्या हाती गेले होते. श्रेया सिंघल या विधी शाखेच्या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे चान यांची कादंबरी निघाली त्याच वर्षी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला.

मराठीत कायद्याबाहेर राहून दुष्टांचे शासन करणाऱ्या नायकांची परंपरा बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांच्या ‘काळा पहाड’ व ‘झुंजार’ या पात्रांनी लोकप्रिय केली. वेषांतर व मुखवटा हा तेथे नायकाचा अलंकार आहे आणि त्याच्या चांगुलपणाविषयी वाचकाला शंका नसते. निनावीपणाकडे पीडिताच्या बाजूने पाहणारी कादंबरी ही त्यामानाने वेगळ्या जातीची आहे.

हाँगकाँगमध्ये २०१९ च्या आंदोलनात पोलीस, निदर्शक व पत्रकार या सर्वांचीच खाजगी माहिती मोठ्या प्रमाणावर उघड करण्यात आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील विदा कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कृत्यास कमाल पाच वर्षे कैद व दहा लक्ष हाँगकाँग डॉलर दंड अशी तरतूद झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, यून लाँग स्थानकावरील हल्ल्याचा वृत्तपट करताना वाहनांच्या सार्वजनिक नोंदवहीतून मालकांची नावे मिळविणाऱ्या एका महिला निर्मातीला न्यायालयाने दोषी धरले व सहा हजार डॉलर दंड केला होता. माहिती मागण्याच्या अर्जात तिने ‘वाहतूकविषयक इतर बाबी’ हे कारण निवडले, ते खोटे विधान ठरले. जून २०२३ मध्ये अंतिम अपील न्यायालयाने तिची दोषसिद्धी रद्द केली.